फोन उलटा ठेवून तंबोरा लावताना

गाणे शिकणाऱ्या बहुतेकांच्या घरी आज तंबोरा असतो तो फोनमध्ये, आणि ज्यांच्याकडे भोपळ्याचा खरा तंबोरा आहे त्यांच्यापैकीही अनेक जण तो ट्यूनरच्या काट्याकडे बघत लावतात. काटा मध्यावर आला, हिरवा दिवा लागला, की ती तार लागली असे धरून पुढच्या तारेकडे वळायचे. मी स्वतः काही वर्षे हेच करत होतो. माझ्या गुरुबाईंनी एके सकाळी फोन उलटा ठेवायला सांगितला आणि तोच तंबोरा, त्याच तारा, त्याच पट्टीत केवळ कानाने लावून दिल्या, तेव्हा आतापर्यंत आपण तंबोरा ऐकलाच नव्हता हे माझ्या लक्षात आले. म्हणूनच या लेखातील सगळ्या सूचना एकाच आग्रहाभोवती बांधलेल्या आहेत: यंत्राकडून फक्त एक षड्ज घ्यावा, आणि बाकीच्या तारा तंबोऱ्यालाच विचारून लावाव्यात. हे करायला विलक्षण कान लागतो असे नाही. क्रम पक्का लागतो, आणि दर वेळी वीसेक मिनिटे देण्याची तयारी लागते.

तार पिळण्याआधी

तंबोरा गवसणीतून काढल्याबरोबर लावायला घेऊ नये. आकाशाला घालतात ती गवसणी मूळची हीच, वाद्यावर चढवायची खोळ. तिच्या आतली हवा आणि खोलीतली हवा यांत फरक असतो. धातूची तार तापली की प्रसरण पावते आणि सूर उतरतो, गार झाली की सूर चढतो. लाकूड आणि भोपळा यांचा परिणाम याहून सावकाश, पण जास्त खोल असतो. तेव्हा ज्या खोलीत गायचे आहे तिथे वाद्य किमान अर्धा तास उघडे ठेवावे, पंखा किंवा वातानुकूलन सुरू राहणार असेल तर ते आधीच सुरू करावे आणि त्याचा झोत थेट तारांवर येणार नाही अशी जागा निवडावी. मैफलीच्या मंचावरचे दिवे शेवटच्या क्षणी लावले तर पहिल्या दहा मिनिटांत तारा उतरतात. संयोजकांना सांगून दिवे लवकर लावून घेणे हा तंबोरा लावण्याचाच भाग समजावा.

त्यानंतर पट्टी, म्हणजे आपला षड्ज कोणत्या उंचीवर धरायचा ते, ठरवावी. हार्मोनियमच्या पट्टीच्या भाषेत सांगायचे तर पुरुष गायक साधारणपणे काळी एकच्या (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास आणि स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात. तंबोऱ्याला चार तारा असतात: पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे जोडी, आणि चौथी खालच्या षड्जाची म्हणजे खर्ज. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांवर आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९.३ वर बोलतो. काळी चारच्या बायकी तंबोऱ्यात जोडी सुमारे २०७.७ वर आणि काळी पाचच्या तंबोऱ्यात २३३ वर असते. हे आकडे पाठ करण्यासाठी दिलेले नाहीत, तर प्रत्येक तंबोरा ठरावीक पट्टीसाठी बांधलेला आणि तारांच्या जाडीने सजवलेला असतो हे ध्यानात यावे म्हणून दिले आहेत. काळी पाचचा बायकी तंबोरा पांढरी चारपर्यंत उतरवला तर तारा सैल पडून फडफडतात, आणि पुरुषी तंबोरा काळी चारला चढवायचा प्रयत्न केला तर तार तुटते. एक-दीड स्वर इकडेतिकडे चालते. त्यापलीकडे जायचे असेल तर तारांचा संच बदलावा, किंवा वेगळे वाद्य घ्यावे.

आता घोडीवरच्या (भोपळ्याकडे तारा जिच्यावर टेकतात त्या रुंद तुकड्यावरच्या) चारही तारांखालचा दोरा, ज्याला आपण जीव म्हणतो, तो काढून टाकावा. जीव घातलेला असताना तारेतून इतके स्वर उमटतात की नवशिक्या कानाला मूळ सूर आणि त्याचे उपस्वर, म्हणजे त्याच तारेतून आपोआप निघणारे वरचे सूर, वेगळे करता येत नाहीत. जीव काढला की आवाज कोरडा, जरा मुका होतो, आणि लावण्यासाठी तोच हवा असतो. घोडी आणि लंगोट (तारांची खालची टोके जिथे बांधतात ती जागा) यांच्यामधले चारही मणी त्यांच्या जागेच्या मध्यावर आणून ठेवावेत. मणी लंगोटाकडे सरकवला की तार ताणली जाऊन सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. तो आधीच एका टोकाला असेल तर शेवटी बारीक दुरुस्तीची वेळ येते तेव्हा हालचालीला जागाच उरत नाही. ही चूक फार सर्रास होते.

खुंट्यांकडे लक्ष द्यावे. खुंटी निमुळती असते आणि केवळ घर्षणाने जागेवर राहते, म्हणून ती नुसती फिरवायची नसते, फिरवता फिरवता किंचित आत दाबायची असते. घसरत असेल तर बाहेर काढून तिच्यावर खडू चोळावा. अडकत असेल तर कोरड्या साबणाचा हात फिरवावा. तेल कधीही लावू नये, कारण ते लाकडात मुरते आणि पुढे ती खुंटी ताण धरत नाही.

जोडी

सगळ्यात आधी दुसरी तार, म्हणजे जोडीतली पहिली, लावायची. हार्मोनियम, पिचपाइप किंवा फोन, ज्यातून सूर घ्यायचा त्यातून षड्ज सुरू करावा आणि तार त्या सुराच्या थोडी खाली उतरवून मग खालून वर न्यावी. वरून खाली उतरवत आणलेली तार तारगहनाच्या (खुंट्यांजवळच्या भोके असलेल्या पट्टीच्या) भोकात कुठेतरी अडकून राहते आणि दोन मिनिटांनी स्वतःहून सुटून आणखी उतरते. खालून वर आणताना मधूनमधून तार बोटाने हलकेच वर ओढून सोडावी, म्हणजे दांडीच्या दोन्ही टोकांना ताण सारखा होतो. सूर जवळ आला की खुंटीवरचा हात काढावा आणि उरलेले अंतर मण्याने कापावे. षड्ज लागला की यंत्र बंद करावे आणि फोन खरोखरच उलटा ठेवावा.

तिसरी तार दुसरीशी जुळवायची. दोन्ही एकापाठोपाठ छेडल्या आणि त्या जवळजवळ एकाच सुरात असल्या तर आवाज स्थिर न राहता लाटेसारखा कमीजास्त होताना ऐकू येतो. हा भास नसतो. एक तार सेकंदाला १३८ वेळा आणि दुसरी १३९ वेळा कंप पावत असेल तर दर सेकंदाला एकदा दोघी एकमेकींना उचलून धरतात आणि एकदा एकमेकींना मारतात. लाटांची संख्या म्हणजेच दोन सुरांमधला फरक. सेकंदाला तीन लाटा ऐकू आल्या तर तीन कंपनांचा फरक आहे. तिसरी तार हळूहळू चढवत गेल्यावर लाटा संथ होत जातात, दोन सेकंदांना एक, चार सेकंदांना एक, आणि मग अशी जागा येते की दोन तारा आहेत हेच कळेनासे होते. जरा पुढे गेले की लाटा पुन्हा सुरू होतात. नवशिक्याने मुद्दाम थोडे पुढे जाऊन परत मागे यावे, म्हणजे मधली शांत जागा कोणती ते कानाला पटते. काटा हिरव्या पट्ट्यात आल्यावर ट्यूनर समाधान मानतो, पण त्या पट्ट्याच्या आतही लाट शिल्लक असू शकते, आणि तंबोऱ्यात ती लाट लपत नाही.

जोडी लागायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. किशोरीताई आमोणकर आणि कुमार गंधर्व यांच्या मैफलींना गेलेले श्रोते तंबोरे लावण्यात गेलेल्या वेळाच्या आठवणी अजून सांगतात. तो वेळ गाण्यातच मोडत होता. जोडी हलत असेल तर गायकाला षड्जावर थांबायला जमीनच मिळत नाही.

खर्जाकडून शिकणे

चौथी तार खर्जाची. ती पितळेची आणि जाड असते, म्हणून तिला जोर लावून छेडण्याचा मोह होतो. जोरात छेडलेली जाड तार पहिल्या क्षणी वर चढते आणि मग मूळ जागी येते, त्यामुळे तिचा आरंभीचा आवाज फसवा असतो. हलक्या हाताने छेडावे आणि पहिला सेकंद जाऊ द्यावा. खर्ज जोडीच्या बरोबर एक सप्तक खाली हवा. मात्र खालच्या सुराची पारख कानाला अवघड जाते म्हणून एक युक्ती वापरावी. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसते टेकवून, दाबता न दाबता, तार छेडावी आणि लगेच बोट उचलावे. खर्जाच्या पोटातला वरचा षड्ज मोकळा ऐकू येतो, आणि तो जोडीशी थेट ताडून बघता येतो. पुन्हा लाटाच मोजायच्या आहेत.

खर्ज जुळला की लगेच पुढे जाऊ नये. नुसता खर्ज छेडून डोळे मिटून ऐकावा. आधी मूळ सूर, मग त्यावरचा षड्ज, मग पंचम, मग आणखी वरचा षड्ज, आणि तार विझत जाताना या सगळ्यांच्या वर एक गोड, जरासा उतरलेला वाटणारा गंधार. हाच स्वयंभू गंधार. कोणी न लावलेला, तारेच्या कंपनाच्या पाचव्या भागातून आपोआप निघणारा हा गंधार हार्मोनियमच्या गंधाराशी जुळत नाही. हार्मोनियमचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. अर्ध्या स्वराचे अंतर १०० सेंट धरले तर तिथला शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, आणि खर्जातून निघणारा सुमारे ३८६ वर. चौदा सेंटचा हा फरक कोणत्याही कानाला कळतो, दोन्ही गंधार एकापाठोपाठ ऐकायला मिळाले पाहिजेत इतकेच. सप्तकातील स्वरांची नेमकी जागा हा आपल्याकडे जुना आणि जिव्हाळ्याचा विषय आहे: कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांची, मोजमापे घेऊन १९१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्या कामात त्यांना किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्वरांची साथ होती. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला दार बंद ठेवले, त्यामागेही हा एक वाद होताच.

पहिल्या दिवशी गंधार ऐकू आला नाही तर निराश होऊ नये. गळ्याने गंधार हळूच गुणगुणावा आणि मग खर्ज छेडावा. काय शोधायचे आहे हे कळले की कान ते पकडतो. आठवडाभर रोज पाच मिनिटे नुसता खर्ज ऐकणे हा माझ्या मते नवीन विद्यार्थ्यासाठी कोणत्याही पलट्याहून मोलाचा रियाज आहे.

पंचम

आता पहिली तार. ती खर्ज आणि जोडी यांच्यामधला मंद्र पंचम बोलते, आणि इथे ट्यूनरवर विसंबणाऱ्याची चूक उघडी पडते. सारख्या अंतराच्या सप्तकात पंचम ७०० सेंटवर असतो, तर नैसर्गिक पंचम ७०२ वर. दोन सेंट म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण काळी एकच्या तंबोऱ्यात हिशेब करून बघा: खर्जाच्या पोटातला पंचम सेकंदाला सुमारे २०७.९ कंपनांवर येतो आणि ट्यूनरप्रमाणे लावलेल्या पहिल्या तारेचा वरचा पंचम २०७.७ च्या किंचित खाली राहतो. म्हणजे साधारण चार सेकंदांना एक लाट. तंबोऱ्याचे एक आवर्तन, म्हणजे चारही तारा एकदा छेडण्याची फेरी, हीही जवळपास तेवढ्याच वेळाची असते, आणि काट्याप्रमाणे अगदी अचूक लागलेला तंबोरा सतत मंद हेलकावे खात राहतो. आवाज वाईट वाटत नाही, पण स्थिरही होत नाही, आणि का ते कळत नाही.

उपाय सोपा आहे. खर्जाच्या तारेवर घोडीपासून एक तृतीयांश अंतरावर बोट टेकवून ती छेडावी. पंचम मोकळा मिळतो. पहिल्या तारेवर मध्यावर बोट टेकवून ती छेडावी; तिचाही तोच पंचम मिळतो. हे दोन आवाज लाट नाहीशी होईपर्यंत जुळवावेत. त्यानंतर पहिली तार आणि जोडी एकत्र छेडून पाहाव्यात. पंचम नीट लागला असेल तर दोन्हींचा मिळून आवाज अचानक मोठा आणि भरीव झाल्यासारखा वाटतो, जणू कोणी खोलीचे दार उघडले.

जीव घालणे

चारही तारा कोरड्या लागल्या की जीव घालायचा. सुती दोरा वापरावा, काही जण रेशमी वापरतात; जोडीला बारीक आणि खर्जाला किंचित जाड. दोरा तार आणि घोडी यांच्यामध्ये सारून, दोन्ही टोके बोटांत धरून, तो अगदी केसभर पुढेमागे सरकवत राहावे आणि दुसऱ्या हाताने तार छेडत राहावे. एका जागी आवाज चुरचुरतो, एका जागी बंद होतो, आणि या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी येते की तार उमलते, तिच्यातून स्वरांची साखळी लांबवर निघत राहते. तिथे थांबावे. चारही तारांचा झंकार सारख्या जातीचा असावा. एक तार चमकदार आणि बाकीच्या मंद असे झाले तर आवर्तनात तीच तार सतत पुढे येते. जीव सरकवला की सूरही किंचित हलतो, म्हणून शेवटी चारही मण्यांवरून पुन्हा एकदा फिरावे लागते. या फेरीत खुंटीला हात लावू नये.

पंचम नसलेले राग आणि दुसरा तंबोरा

मालकंसात पंचम वर्ज्य आहे, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवतात. बागेश्रीतही पंचम क्षीण असल्याने मध्यम लावणारे अनेक आहेत, ललितात मध्यमाचेच राज्य असते. उतरवणे वाद्याला झेपते, कारण पंचमाचा शुद्ध मध्यम केला की तारेवरचा ताण साधारण एक पंचमांशाने कमी होतो. उलट पूरिया किंवा मारव्यासाठी तीच तार निषादावर चढवायची तर कंपने सव्वापट होतात आणि ताण त्याच्या वर्गाने, म्हणजे दीडपटीहूनही जास्त वाढतो. कांशाची जाड तार असेल तर ती तुटण्याची शक्यता खरीखुरी आहे. ज्यांना हे राग नेहमी गायचे असतात त्यांनी पहिल्या जागी बारीक पोलादी तार घालून घ्यावी आणि चढवताना तोंड तारेच्या रेषेत ठेवू नये.

निषाद कानाने लावणे अनेकांना जमत नाही, कारण तो खर्जात सहजी ऐकू येत नाही. त्याचा रस्ता पंचमातून जातो. षड्जाच्या तारेत जसा स्वयंभू गंधार असतो तसाच पंचमाच्या तारेतही तिचा स्वतःचा गंधार असतो, आणि षड्जाच्या दृष्टीने तोच शुद्ध निषाद. दोन तंबोरे असतील तर एकाचा पंचम आधी नीट लावावा, त्यातून वर निघणारा निषाद ऐकावा आणि दुसऱ्या तंबोऱ्याची पहिली तार त्याच्याशी जुळवावी. ट्यूनरचा निषाद याहून सुमारे बारा सेंट चढा असतो आणि यमनात तो खुपतो. राग पंचमवर्ज्य असला तरी लावण्यापुरता पहिल्या तंबोऱ्यावर पंचम ठेवून निषाद पक्का करावा आणि मग तो पंचमही रागाप्रमाणे बदलून घ्यावा.

दोन तंबोऱ्यांची मैफल असेल तर एक पूर्ण लावून झाल्यावरच दुसऱ्याला हात घालावा, आणि दुसऱ्याची जोडी यंत्राशी जुळवू नये, पहिल्याच्या जोडीशी जुळवावी. दोघे वादक एकदम खुंट्या पिळू लागले की कोण कोणाशी जुळवतो आहे हेच कळेनासे होते. मंचावर हे वारंवार घडते, कारण वेळ कमी असतो.

छेडणे

लावलेला तंबोरा वाईट हाताने बिघडतो. पहिली तार मधल्या बोटाने आणि उरलेल्या तीन तर्जनीने छेडायच्या. नख लागता कामा नये. बोटाच्या पेराचा मऊ भाग तारेवरून बाजूने निसटला पाहिजे, तार ओढून सोडायची नाही. हात घोडीजवळ नेऊ नये, दांडीच्या मध्याच्या आसपास ठेवावा. पंचम, जोडी, जोडी, खर्ज, आणि खर्जानंतर क्षणभर थांबून पुन्हा पंचम. या आवर्तनाची गती गाण्याच्या लयीशी बांधलेली नसते. तबला द्रुत झाला म्हणून तंबोरा द्रुत करणारे साथीदार पाहिले की वाईट वाटते, कारण सगळे चढत असताना न हलणारी एकच गोष्ट गायकाच्या मागे असते आणि तीच ते हलवतात. आधीची तार विझण्यापूर्वी पुढची छेडावी, म्हणजे आवाजात भोक पडत नाही. चार-पाच सेकंदांचे एक आवर्तन बहुतेक वाद्यांना मानवते.

जवारी

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी असे होते की सूर लागतात, जीव घातलेला असतो, तरी तंबोरा बोलत नाही. तेव्हा घोडीकडे बघावे. तारांनी तिच्यावर बारीक खाचा पाडलेल्या दिसतील. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा सपाट दिसला तरी अतिशय हलका बाक धरून घासलेला असतो. कंप पावताना तार या बाकावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, आणि तिथूनच झंकार निघतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच गोष्टीकडे लक्ष वेधले होते: सर्वसाधारण नियमानुसार तार जिथे छेडावी तिथल्या बिंदूवर स्थिर असणारे उपस्वर ऐकू येऊ नयेत, पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीच्या रुंद माथ्यात आहे. तो बाक पुन्हा नीट करणे म्हणजे जवारी काढणे.

हे काम घरी करू नये, असे मी ठामपणे सांगेन. कानसपट्टीचा एक जास्तीचा हात सगळे बिघडवतो, आणि घोडीचे घासलेले हाड परत भरता येत नाही. जवारी काढून घेताना मात्र वाद्य नुसते ठेवून येऊ नये. आपली पट्टी, आपण कोणत्या प्रकारचे गाणे गातो, आवाज खुला हवा की गोल, हे सांगावे आणि शक्य असेल तर समोर बसून ऐकावे. कारागीर एका तारेखालचा भाग घासतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. हे बघणे हेही शिक्षण आहे.

महाराष्ट्रात या कामाचे माहेर मिरज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील कारागीर एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे बनवू लागले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात, दांडी आणि तबली (भोपळ्याचे तोंड झाकणारी फळी) बहुधा तून लाकडाची असते. १९३७ साली निधन पावलेले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेच्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नवा तंबोरा घ्यायचा असेल तर तिथे जाऊन, आपल्या पट्टीत लावून घेऊन, आधी जीव काढून आणि मग घालून ऐकावा. दांडीच्या रेषेत डोळा लावून ती सरळ आहे का पाहावे, भोपळ्यावर बोटाने टकटक करून फुटका आवाज येत नाही याची खात्री करावी. नक्षी शेवटी बघावी.

तारा, ऋतू, प्रवास

तार बदलायची झाल्यास जुन्या तारेचा वीतभर तुकडा जपून ठेवावा आणि त्याच धातूची, त्याच जाडीची तार घ्यावी. जोडीतली एक तुटली तर दोन्ही बदलाव्यात. जुनी आणि नवी तार एका सुरात लागली तरी त्यांचा झंकार जुळत नाही. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते, म्हणून मैफलीच्या दिवशी तार बदलण्याची वेळ आणू नये. रियाज संपला की चारही तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, कारण घामाने पितळ काळे पडते आणि खर्ज मुका होतो. कुठूनतरी झणझण ऐकू येत असेल तर जवारीला दोष देण्याआधी मणी, खुंटीवरची तारेची सुटी टोके आणि तबलीची कड तपासावी.

पावसाळ्यात लाकूड फुगते, खुंट्या घट्ट बसतात आणि तबली किंचित वर येते. उन्हाळ्यात उलट होऊन खुंट्या सुटतात. कोकणात आणि गोव्यात भोपळ्याला बुरशी धरण्याची भीती असते, तेव्हा जून ते सप्टेंबर गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि आठवड्यातून एकदा वाद्य उघड्यावर, पण उन्हात नव्हे, ठेवावे. परदेशी राहणाऱ्यांची अडचण निराळी असते: हिवाळ्यात घरे तापवल्याने हवा इतकी कोरडी होते की तबलीला चीर जाते. खोलीतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील अशी व्यवस्था तिथे करावीच लागते.

प्रवासात चारही तारा दोन-तीन स्वरांनी उतरवाव्यात, पण पूर्ण सैल करू नयेत. ताण गेला की घोडी जागची हलू शकते आणि तिची जागा बदलली तर सगळेच बदलते. निघण्यापूर्वी घोडीच्या चारही कोपऱ्यांशी तबलीवर पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवावी. एका रात्रीच्या बसप्रवासात माझ्या तंबोऱ्याची घोडी सरकली होती, आणि खूण नसल्यामुळे ती पूर्वीच्या जागी बसवण्यात पूर्ण सकाळ गेली. भोपळ्याचा भाग मऊ कापडात गुंडाळावा, वाद्य आडवे ठेवायचे झाल्यास भार दांडीवर येऊ द्यावा, आणि त्यावर दुसरे सामान ठेवले जाणार नाही हे स्वतः उभे राहून पाहावे. मुक्कामी पोहोचल्यावर तो तासभर तसाच राहू द्यावा, मग जीव काढावा आणि दुसऱ्या तारेपासून सुरुवात करावी.